आपल्या आळीतलं पावसाचं पाणी जातं कुठे? – परिसर अभ्यास व गणित यांचा एकत्रित पाठ

इयत्ता : चौथी व पाचवी (सहावी-सातवीलाही घेता येईल)
विषय : परिसर अभ्यास, गणित, मराठी (अर्जलेखन)
कालावधी : वर्गातल्या ४ तासिका आणि परिसर भेटीचा १ दिवस
साहित्य : सरळ उभा डबा, फूटपट्टी, दोन ताटं, माती, प्लास्टिकचा कागद, मोजमापाचं भांडं, गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाईप, मोठा कागद, खडू



पाऊस हा विषय आपण दरवर्षी शिकवतो. जलचक्र काढून घेतो, बाष्पीभवन आणि सांद्रीभवन पाठ करून घेतो. मुलं चित्रही छान काढतात. पण त्याच मुलांना विचारा, "तुझ्या घराच्या पत्र्यावर पडलेलं पाणी कुठे जातं?" उत्तर येतं, "गटारात." "आणि गटारातून?" इथे वर्ग शांत होतो. कुणी म्हणतं नदीत, कुणी म्हणतं जमिनीत, आणि एखादं पोर खरं ते बोलून टाकतं, "बाई, आमच्या घरात येतं."

शहापूर-मुरबाडकडे हे उत्तर काही विनोद म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ७ जुलै २०२४ चा रविवार शहापूरकरांच्या लक्षात असेल. मुसळधार पावसाने भारंगी नदीला पूर आला, नदीलगतच्या वस्तीत पाणी शिरलं, आणि कसारा-टिटवाळा दरम्यानची रेल्वे वाहतूकही बंद पडली. नदीचा पूर बातमीत येतो. पण नदीपासून लांब असलेल्या आळीतसुद्धा दर जुलैत घोटाभर पाणी साचतं, जोत्यावर चढतं, धान्याच्या पिंपाखाली जातं. त्याची बातमी होत नाही. या पाठात आपण त्या घोटाभर पाण्याचा अभ्यास करणार आहोत.

पाठ संपल्यावर मुलांना तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: पाणी किती पडतं, ते कुठून कुठे जातं, आणि कुठे अडतं. एवढं समजलं की उपाय बऱ्याचदा मुलंच सुचवतात.

पाठ सुरू करण्याआधी : सुरक्षा

हा भाग सर्वात आधी वाचा. पाऊस चालू असताना मुलांना गटार, नाला, ओहोळ किंवा मोरीजवळ न्यायचं नाही. गुडघाभर गढूळ पाण्याखाली उघडं चेंबर आहे की नाही हे मोठ्या माणसालाही दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला, तोही ते घरी चालत जात असताना. मुलांना एक नियम पाठ करून घ्या: तळ दिसत नाही तिथे पाऊल टाकायचं नाही.

दुसरं म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदीर-घुशींच्या आणि गुरांच्या मूत्रातून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. कोकणात भातलावणी करणाऱ्यांना हा आजार होतो आणि २००५ च्या पुरानंतर मुंबईतही त्याची मोठी साथ आली होती. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात जायचं नाही. पाण्यातून चालून आल्यानंतर ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर घरगुती काढ्यावर न थांबता सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं आणि "साचलेल्या पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

परिसर भेट पाऊस उघडल्यावर, दोन मोठी माणसं सोबत घेऊन करायची.

कृती १ : पाऊस मोजू या

तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा एक डबा घ्या. तो शाळेच्या पटांगणात झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब, विटांच्या आधाराने ठेवा. रोज सकाळी साडेआठला आतल्या पाण्याची उंची फूटपट्टीने मोजा, तक्त्यात लिहा आणि डबा रिकामा करा. साडेआठच का? हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा धरतात. आपण तीच वेळ पाळली की आपला आकडा कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावरच्या आपल्या मंडळाच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. दोन्ही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, कारण पाऊस गावागणिक बदलतो. हीसुद्धा मुलांना शिकवण्यासारखीच गोष्ट आहे.

आता हवामान खात्याचे शब्द मुलांना समजावून सांगा. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे 'जोरदार', ११५.६ ते २०४.४ म्हणजे 'अति जोरदार' आणि त्याहून जास्त म्हणजे 'अत्यंत जोरदार'. मोबाईलवर येणाऱ्या इशाऱ्यातला शब्द आणि आपल्या डब्यातलं पाणी यांची सांगड एकदा बसली की मुलं तो इशारा नीट वाचायला लागतात.

कृती २ : मिलिमीटरचे लिटर

हा या पाठाचा कणा आहे. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा:

१ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस = १ लिटर पाणी

खात्री करून घ्यायची असेल तर जमिनीवर खडूने १ मीटर बाय १ मीटरचा चौकोन आखा. १ मिलिमीटर म्हणजे मीटरचा हजारावा भाग, आणि १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर. पाचवीच्या मुलांना हे लगेच पटतं.

आता घराचा पत्रा घ्या. समजा पत्र्याने झाकलेली जागा ५० चौरस मीटर आहे. एका सरीत ५० मिलिमीटर पाऊस पडला.

५० × ५० = २,५०० लिटर.

म्हणजे २०० लिटरचे साडेबारा ड्रम! एका घराच्या एका सरीचं हे पाणी. मग आळीतली वीस घरं धरली तर? ५०,००० लिटर. रस्ता आणि अंगण अजून धरलेलंच नाही. आता मुलांना दारापुढचं वीतभर गटार आठवायला सांगा. पुढचे प्रश्न तेच विचारतील.

कृती ३ : दोन ताटांचा प्रयोग

एका ताटात माती भरा, जमल्यास वरून गवताचा थर द्या. दुसऱ्या ताटात तेवढीच माती भरून वर प्लास्टिकचा कागद घट्ट लावा. दोन्ही ताटं एका बाजूने सारखी उचलून ठेवा आणि खालच्या कडेला एकेक भांडं लावा. मग दोन्हींवर एक-एक लिटर पाणी झारीने सावकाश ओता.

प्लास्टिकवरचं पाणी क्षणात खालच्या भांड्यात येतं. मातीवरचं पाणी उशिरा आणि कमी येतं. प्लास्टिक म्हणजे आपला पत्रा, स्लॅब, काँक्रीटचा रस्ता, पेव्हर ब्लॉक. माती म्हणजे परस, अंगण, वरकस जमीन.

प्रयोग इथे थांबवू नका. त्याच मातीच्या ताटावर आणखी दोन-तीन लिटर ओता. माती भिजून गच्च झाली की तिच्यावरचं पाणीही प्लास्टिकसारखंच पळायला लागतं. आपल्याकडे जुलैच्या मध्यापर्यंत जमिनीची हीच अवस्था असते. त्यामुळे "शोषखड्डा करा, प्रश्न मिटला" असं मुलांना सांगू नका. शोषखड्डा सांडपाण्यासाठी उत्तमच आहे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून गटारं आणि डास दोन्ही हटवले, आणि तो 'नांदेड पॅटर्न' राज्यभर पोचला. पण तो खड्डा मोरीच्या, म्हणजे न्हाणीघराच्या, रोजच्या थोड्या पाण्यासाठी असतो. भातजमिनीच्या चिकट, आधीच भरलेल्या मातीत मुसळधार पावसाचं पाणी त्याच खड्ड्यात सोडलं, तर खड्डा भरतो आणि सांडपाणीही वर येतं. सांडपाणी आणि पावसाचं पाणी यांचे मार्ग वेगवेगळे हवेत. हे वाक्य वहीत लिहून घ्या.

भातखाचर : गावाचं बिनखर्चाचं धरण

आपल्या तालुक्यात धरणं मुलांना नवीन नाहीत. शहापुरात तानसा (१८९२) आणि भातसा, तर मुरबाडकडे बारवी. पण घरामागचं खाचरही एक छोटं धरणच आहे, हे मुलांच्या डोक्यात आलेलं नसतं.

गणित करू. १ गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. बांधाच्या आत १५ सेंटीमीटर पाणी राहतं असं धरलं तर एका गुंठ्यात सुमारे १५,००० लिटर पाणी मावतं. एकरात ४० गुंठे, म्हणजे सुमारे ६ लाख लिटर. १०,००० लिटरच्या टँकरचे ६० टँकर!

आता त्या एकरावर मुरमाचा भराव पडला, प्लॉट पडले, चाळ किंवा इमारत उभी राहिली. ६ लाख लिटरची जागा गेली. शिवाय त्या जमिनीवरचं पाणी आता थांबत नाही, उलट भरावाच्या उंचीवरून शेजारच्या जुन्या आळीत उतरतं. जुनी आळी तिथेच आहे, तिचं जोतं तेवढंच आहे, पण शेजार उंच झाला.

एखादा हुशार मुलगा विचारेल, "बाई, खाचर आधीच भरलेलं असलं तर?" प्रश्न बरोबर आहे. भरलेल्या खाचरात नवीन पाणी फारसं मावत नाही. तरीही बांधावरून, एका खाचरातून दुसऱ्यात असं पायरीपायरीने उतरताना पाण्याला वेळ लागतो. गावाला पूर येतो तो फक्त पाणी जास्त आल्यामुळे नव्हे, तर सगळं पाणी एकाच वेळी आल्यामुळे. खाचर त्या पाण्याला रांगेत उभं करतं. शाळा सुटल्यावर सगळी मुलं एकदम दारातून घुसली तर काय होतं आणि रांगेने गेली तर काय होतं, हे वर्गातच करून दाखवा.

कृती ४ : आळीचा पाण्याचा नकाशा

परिसर भेटीत चार गट करा.

पहिला गट : पाणी येतं कुठून? टेकडी, वरचं माळरान, महामार्गाचा किंवा रेल्वेचा भराव, नवीन प्लॉट. आळीत साचणारं पाणी बहुतेक वेळा आळीचं एकटीचं नसतं.

दुसरा गट : जातं कुठून? गटारं, पन्हळी, रस्त्याखालच्या मोऱ्या. प्रत्येकीची रुंदी आणि खोली मोजून लिहायची. कोरड्या गटाराचीच मोजमापं घ्यायची.

तिसरा गट : अडतं कुठे? प्लास्टिक, गाळ, कुंपणाची भिंत, गटारातून आडवी गेलेली नळपाण्याची पाईप, दारापुढे गाडी चढवण्यासाठी टाकलेला उतार.

चौथा गट : आजी-आजोबांना विचारायचं. "पूर्वी इथून ओहोळ जायचा का? कुठून? पाणी साचायला कोणत्या वर्षापासून लागलं?" हा गट सर्वात महत्त्वाची माहिती आणतो. कागदावर नसलेला वहाळ म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत असतो.

वर्गात परत आल्यावर चारही गटांची माहिती एकाच मोठ्या कागदावर उतरवा. पाणी निळ्या बाणाने, अडथळे लाल फुलीने. बहुतेक वेळा दोन-तीन लाल फुल्यांवरच सगळे निळे बाण येऊन थांबलेले दिसतात.

कृती ५ : उतार मोजू या

"गटार आहे, साफ आहे, तरी पाणी उभं राहतं." ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. कारण बऱ्याचदा उतार नसतो, किंवा उलटा असतो. डोळ्यांना हे कळत नाही.

गवंड्याची पारदर्शक पाईप घ्या, बुडबुडे न राहतील अशी पाण्याने भरा. एक टोक गटाराच्या सुरुवातीला, दुसरं शेवटी धरा. दोन्ही टोकांचं पाणी सारख्या पातळीत येतं. त्या पातळीपासून गटाराच्या तळापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे उतार. ६० मीटर लांबीला ३० सेंटीमीटर फरक असेल तर उतार २०० ला १. लांब गटार असेल तर पाईप पुरेल एवढ्या टप्प्यांत मोजा आणि फरकांची बेरीज करा. हे काम पालकांपैकी एखाद्या गवंडीकाम करणाऱ्या दादांकडून करून घ्या. मुलांना ते वर्गात शिकवतात तेव्हा त्यांच्या स्वतःच्या मुलाची मान किती ताठ होते ते बघा.

कृती ६ : गटार पुरतं का?

हे उदाहरण मोठ्या मुलांसाठी आणि पालकांसाठी.

समजा आळीचं पाणलोट क्षेत्र ५० गुंठे, म्हणजे सुमारे ५,००० चौरस मीटर आहे. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला.

५,००० × ५० = २,५०,००० लिटर.

पत्रे आणि काँक्रीट जास्त असल्याने त्यातलं ९० टक्के वाहून येतं असं धरू: २,२५,००० लिटर. तासात ३,६०० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला सुमारे ६२ लिटर.

रस्त्याखाली १ फूट व्यासाची सिमेंटची पाईप २०० ला १ उताराने बसवली असेल तर ती स्वच्छ असताना, पूर्ण भरून, सेकंदाला सुमारे ६८ लिटर नेते. म्हणजे जेमतेम पास! पण ती गाळाने निम्मी भरली असेल तर नेते फार तर ३४ लिटर. उरले किमान २८. तासाभरात ते होतात सुमारे १ लाख लिटर. हे पाणी आळीच्या सखल १० गुंठ्यांत पसरलं तर सगळीकडे १० सेंटीमीटर, म्हणजे चार बोटांहून जास्त पाणी उभं राहतं. जोतं चार इंचाचं असेल तर पाणी उंबऱ्याशी आलंच.

यातून दोन धडे. एक : गाळ काढणं हा सर्वात स्वस्त उपाय आहे आणि तो पावसाआधी करायचा असतो. दोन : पाईप बदलायचीच असेल तर व्यासात कंजूषी नको. व्यास दुप्पट केला की, उतार तोच असला तरी, पाणी दुप्पट नाही तर सहापटीहून जास्त जातं. आणि वरच्या माळाचं पाणी आळीत येत असेल तर वरचं गणित त्याच्यासकट पुन्हा करायचं.

मुंबईचा धडा

हाच हिशोब मुंबईलाही करावा लागला. तिथली जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने होती, आणि पडलेल्या पाण्यातलं निम्मंच वाहून येईल असं धरलेलं होतं. १९९३ मध्ये 'ब्रिमस्टोवॅड' हा सुधारणांचा अहवाल तयार झाला, पण काम रेंगाळलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि तासाला ५० मिलिमीटरची क्षमता करण्याच्या कामाला वेग आला.

मुंबईत आणखी एक अडचण आहे : भरती. समुद्र वर आला की नाल्याचं तोंड बुडतं आणि पाणी बाहेर जाऊच शकत नाही. आपल्याकडे समुद्र नाही, पण भारंगी भरून वाहते तेव्हा तीच आपली भरती! नदीची पातळी गटाराच्या तोंडापेक्षा वर गेली की गटार कितीही मोठं असो, पाणी उलटं फिरतं. तिथे दोनच गोष्टी कामाला येतात. गटाराच्या तोंडाशी बाहेरच्या बाजूला उघडणारी, नदी वर आली की आपोआप मिटणारी झडप. आणि वरच्या भागात पाणी थोडा वेळ थांबवून ठेवायला जागा. परळ-दादरजवळच्या हिंदमाताला महानगरपालिकेने शेवटी मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधून पाणी साठवायला सुरुवात केली. आपल्याकडे ती टाकी बांधायची गरज नाही. जुना तलाव, गावाचं मैदान, उरलेली खाचरं बुजवली नाहीत तरी पुष्कळ.

नेहमी दिसणाऱ्या चुका

१. जुना रस्ता न खरवडता त्याच्यावरच नवीन काँक्रीट. दर वेळी रस्ता वीतभर वर येतो आणि घरं खड्ड्यात जातात. नवीन रस्त्याची पातळी घरांच्या जोत्याखालीच राहील असं कामाआधी लेखी मागा.

२. गटारावर सलग स्लॅब. दिसायला छान, पण साफ करता येत नाही. ठरावीक अंतरावर उचलता येणारी झाकणं आणि जाळी हवी.

३. गटार आळीच्या टोकाला सोडून दिलेलं. पाणी पुढे कुठे जाणार याचा विचारच नाही. ते खालच्या आळीचं दुखणं होतं. गटाराचं काम नेहमी खालून वर करत यायचं, आधी तोंड मोकळं आणि मग बाकीचं.

४. ओहोळावर भराव आणि कुंपण. यावर कायदाही बोलतो. १८८२ च्या इझमेंट ॲक्टच्या कलम ७ मधलं उदाहरणच असं आहे की वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीकडे वाहू देणं खालच्या मालकावर बंधनकारक आहे. शेतजमिनीवरच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. भांडणाआधी शेजाऱ्याशी बोलावं हे खरंच, पण मुदत माहीत असावी.

५. सांडपाणी आणि कचरा पावसाच्या गटारात. उन्हाळाभर साचलेला गाळ पहिल्या पावसात दगडासारखा अडतो.

अर्जलेखन

मराठीच्या तासिकेला खालील नमुना घ्या. मुलांनी लिहायचा, पालकांनी सही करून द्यायचा.

प्रति,
मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी (नगर पंचायत असल्यास मा. मुख्याधिकारी)

विषय : ......... आळीतील पावसाच्या पाण्याचा निचरा होणेबाबत.

महोदय,
आमच्या आळीत दिनांक ......, ...... व ...... रोजी अनुक्रमे ...... सेंटीमीटर पाणी साचले. साचलेले पाणी ओसरण्यास ...... तास लागले. ...... घरांत पाणी शिरले. सोबत आळीचा नकाशा जोडला आहे. त्यावर क्र. १, २ व ३ येथे अडथळे दाखवले आहेत. तरी सदर ठिकाणी (गाळ काढणे / मोरी रुंद करणे / उतार दुरुस्त करणे) हे काम आराखड्यात घ्यावे व केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती मिळावी, ही विनंती.

अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यायला मुलांना शिकवा. "फार पाणी साचतं हो" या वाक्यापेक्षा "१४ सेंटीमीटर, पाच तास, सहा घरं" हे आकडे जास्त बोलतात. आकडे समोर आले की टोलवाटोलवीला जागा कमी राहते.

केव्हा काय करायचं?

जून ते सप्टेंबर : मोजमाप, फोटो, नकाशा. कारण दोष पावसातच दिसतो.
१५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर : ग्रामसभा. गावाच्या विकास आराखड्यात काम घालण्याची हीच वेळ. पेसा क्षेत्रातल्या पाड्यांनी अबंध निधीचाही विचार ग्रामसभेत मांडावा.
नोव्हेंबर ते एप्रिल : बांधकाम. काम चालू असताना लेव्हल पाईपने उतार तपासा. सिमेंट सुकल्यावर उपयोग नाही.
मे : गाळ काढणे. काढलेला गाळ गटाराच्या काठावर ठेवू नका, पहिल्या सरीला तो परत आत जातो.

घरी काय करता येईल?

पत्र्याला पन्हळ लावा आणि पहिले एक-दोन पाऊस सोडून पुढचं पाणी टाकीत घ्या. ५० चौरस मीटरच्या पत्र्यावर अडीच हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे वर्षाला सव्वा लाख लिटर. सगळं साठवता येणार नाही, आणि जोराच्या पावसात एक टाकी आळीचा पूरही थांबवणार नाही, ती दहा मिनिटांत भरते. पण वापरायला, गुरांना, संडासाला ते पाणी चालतं आणि आईची एक खेप वाचते. मुंबईला पाणी देणाऱ्या आपल्या तालुक्यात एप्रिल-मे मध्ये कित्येक पाड्यांवर टँकर येतो. जुलैत उंबऱ्याशी आलेलं पाणी आणि मे मध्ये हंड्यात नसलेलं पाणी ही एकाच वहीची दोन पानं आहेत, हे मुलांना दिसलं पाहिजे. याशिवाय सगळं अंगण काँक्रीट न करता परसाचा एक भाग मातीचा ठेवा, आणि धान्य, वह्या, कागदपत्रं, विजेचा बोर्ड जोत्यापासून उंचावर ठेवा.

मूल्यमापनासाठी प्रश्न

१. तुमच्या घराच्या पत्र्याची लांबी-रुंदी मोजा. आज सकाळी डब्यात मोजलेल्या पावसाचे तुमच्या पत्र्यावर किती लिटर पाणी पडले?
२. शोषखड्डा जानेवारीत चांगला चालतो, पण जुलैत भरतो. का?
३. आळीतले गटार रुंद केले, तरी पाणी साचले. कोणती तीन कारणे असू शकतील?
४. तुमच्या घराजवळची दोन खाचरं बुजवून प्लॉट पाडायचे ठरले. तुम्ही सरपंच असाल तर परवानगी देण्याआधी कोणते प्रश्न विचाराल?
५. तुमच्या आळीचं पाणी शेवटी कोणत्या नदीला मिळतं? तिथपर्यंतचा मार्ग काढा.

पाचव्या प्रश्नाला वेळ द्या. भातसा, काळू, मुरबाडकडचे सगळे ओहोळ शेवटी उल्हासच्या खोऱ्यात जातात. आपण गटारात टाकलेली पिशवीही तिथेच जाते. चौथ्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. घर बांधायला जागा सगळ्यांनाच हवी आहे. पण "ह्या जमिनीवरचं पाणी उद्या कुठे जाईल?" हा प्रश्न मुलांच्या उत्तरात आला, तर त्या मुलाला पूर्ण गुण द्या.